नावाच्या पुरचुंड्या

बुरहान अका जाऊन उद्या चाळीस दिवस होणार होते. त्या चाळिसाव्याच्या पुलावाला दीड मण गाजर लागेल असं आचाऱ्यानं सांगितलं होतं, आणि ते चिरायला आदल्या दुपारपासूनच गल्लीतले झाडून सगळे पुरुष बुरहान अकांच्या बाहेरच्या अंगणात जमले होते. लग्न असो की मयत, पहाटेच्या पुलावाची गाजरं आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून चिरायची, ही आमच्या बुखाऱ्याची जुनी रीत. गाजर आपलं निमित्त. खरं काम बोलण्याचं असतं, आणि त्या कामात आमच्या गल्लीचा हात धरणारा कोणी नाही.

तुतीच्या झाडाखाली लांब फळ्या टाकल्या होत्या. दोन्ही बाजूंना माणसं, मध्ये पिवळ्या गाजरांचा ढीग. छपराखाली सोललेल्या दोन मेंढ्या टांगल्या होत्या आणि भिंतीशी तांदळाची चार पोती उभी होती. बुरहान अकांची मुलगी फरोगत चहाची किटली घेऊन आत-बाहेर करत होती. हात चहा ओतत होता, पण तासाभरापूर्वी ऐकलेलं डोक्यातून जात नव्हतं.

मवजुदानं, म्हणजे तिच्या वहिनीनं, स्वयंपाकघरात कांदा सोलता सोलता सहज सांगितलं होतं, "अपा, बाबांची ती अक्रोडाची पेटी जरा पुसून ठेवाल? उद्या पुलाव झाला की वलीजोन अका घेऊन जाणार आहेत."

कोण वलीजोन, आणि कुठं घेऊन जाणार, हे फरोगतनं एकेक करून काढून घेतलं. ताश्कंदचा व्यापारी. जुनी नाणी घेतो, बाहेरच्या हौशी लोकांना विकतो. गेल्या आठवड्यात तिचा भाऊ इकरोम त्याच्याकडे जाऊन आला होता आणि दोघांनी हात वर करून फातिहा केला होता. आमच्याकडे सौद्यावर फातिहा झाला की संपलं. कागद फाडता येतो, फातिहा फाडता येत नाही. त्या मेंढ्या, ते तांदूळ, सगळं वलीजोननं आनंदानं पाठवलेलं.

"त्यानं पेटी बघितली?" फरोगतनं विचारलं होतं.

"वरचा ट्रे बघितला ना, विसाव्याला आले होते तेव्हा. खालच्या पुरचुंड्या सोडायला ह्यांनी सुरुवात केली तर तेच म्हणाले, राहू दे, बुरहान अकांनी बांधलेली गाठ मी सोडायची म्हणजे त्यांचा अपमान." मवजुदाला त्याचं केवढं कौतुक वाटत होतं. "आणि प्रत्येकीवर नाव आहे, कोणाच्या घरातून आली ते. त्यामुळं म्हणे बाहेर किंमत दुप्पट होते."

फरोगत किटली भरून बाहेर आली.

सासरहून परत आल्यावर अकरा वर्षं ती बाजारातल्या जवाहिऱ्यांच्या घुमटाखाली, जुन्या नाण्यांच्या दुकानात, बापाच्या शेजारी बसली होती. बुरहान अकांची पद्धत तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. खरं नाणं आलं की ते कागदात जायचं आणि कागदावर साल आणि टांकसाळ. खोटं आलं की ते कापडात जायचं, गाठ मारली जायची आणि गाठीला चिठ्ठी, तिच्यावर माणसाचं नाव. साल असेल ते खरं, नाव असेल ते खोटं. वरच्या ट्रेमध्ये कागदाच्या अकरा पुड्या होत्या. खाली पुरचुंड्या तीनशेच्या वर.

त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. अमीरांच्या काळात नवरीच्या गळ्यात खरे तंगे, म्हणजे चांदीची नाणी, घालायची ऐपत सगळ्या बापांची थोडीच होती. सोनार कथलाचे ओतून वर चांदीचं पाणी द्यायचे. पुढं दोन पिढ्या गेल्या, ओतणारे गेले, सांगणारे गेले, आणि घराघरात ती आजीची चांदी झाली. मग सोव्हिएत राज्य बुडून रूबल मेला तो हिवाळा आला. बायका रुमालाआड एकेक तंगा घेऊन घुमटाखाली यायला लागल्या. बुरहान अका तंगा हातात घ्यायचे, तळव्यावर जोखायचे, आजीची चौकशी करायचे, आणि चांदीचा भाव द्यायचे.

फरोगतनं एकदाच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "तिच्या आजीनं चांदी म्हणूनच घातला ना गळ्यात? मग तिला आज भर बाजारात सांगणारा मी कोण?" आणि मग, चष्मा काढून, "हे तुझ्यामाझ्यात. मी असेपर्यंत नाही, मी गेल्यावर तर मुळीच नाही."

आता सांगावं तर बापाला दिलेला शब्द गेला, आणि बाहेर बसलेल्या निम्म्या घरांच्या आज्या खोट्या पडल्या. न सांगावं तर उद्या सकाळी तीनशे खोटी नाणी बुरहान अकांच्या नावानं ताश्कंदला जाणार. तिथं कोणी ना कोणी एखादं दगडावर टाकून नाद बघणारच. माणूस जाऊन चाळीस दिवस झाले आणि एकेचाळिसाव्याला तो ठग ठरणार.

बाहेर सत्तोर मास्तर रंगात आले होते. त्यांच्या आत्याचा तंगा बुरहान अकांनी घेतला, त्यावर दोन हिवाळे कोळसा आला, आणि तरी अका वर म्हणतात कसे, मास्तर, मलाच स्वस्तात पडला. माणसं हसली. हमदम नानवाई म्हणाला, आमच्या आजीचे तर तीन होते, त्यावर भट्टी उभी राहिली, आज गल्ली जो नान खाते तो बुरहान अकांचाच. कोणीतरी डोळे पुसले. फरोगत चहा ओतत राहिली. एकेक आठवण निघत होती आणि तिला पेटीतली एकेक गाठ दिसत होती.

*

इकरोम फळ्यांच्या टोकाशी, यजमानाच्या जागी बसला होता, आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं.

खरं सांगायचं तर बापाच्या धंद्यात त्याला कधी गती नव्हती. लहानपणी बुरहान अकांनी त्याच्या हातात दोन नाणी ठेवून विचारलं होतं, कुठलं जुनं? त्यानं चकचकीत दाखवलं होतं. बाप काही बोलला नाही, आणि ते न बोलणं त्याच्या मनात बसलं. पुढं घुमटाखाली फरोगत बसली आणि तो बस चालवायला लागला. लोक त्याला अजून बुरहानचा मुलगा म्हणूनच ओळखत. त्याचं स्वतःचं नाव लोकांच्या तोंडी फक्त बस उशिरा आली की यायचं.

वलीजोनशी झालेला सौदा हा त्यानं स्वतःच्या हिमतीवर केलेला पहिला सौदा होता. वलीजोननं त्याला ताश्कंदच्या दुकानात भागीदार करून घ्यायचंही कबूल केलं होतं. फरोगतला त्यानं मुद्दाम सांगितलं नव्हतं. ती काहीतरी खुसपट काढणार हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात नुसरत उठून त्याच्याजवळ येऊन बसला. नुसरत एके काळी त्याच्याच डेपोत मेकॅनिक होता, आता त्याचं स्वतःचं मोठं गॅरेज होतं. वयानं इकरोमपेक्षा दहा वर्षांनी मोठा, बोलायला सावकाश.

"इकरोमजान, एक मागणं आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी माझ्या नातवाचा चिल्ला पुरा होतो. चाळीस दिवस."

लोकांनी मुबारक, मुबारक म्हटलं. चिल्ला पुरा झाला की पोराला चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घालतात आणि त्या पाण्यात चांदी टाकतात, हे सांगायला नको.

"आमच्याकडे चार पिढ्या एकाच तंग्याच्या पाण्यानं न्हाल्या," नुसरत म्हणाला. "मी न्हालो, माझा बाप न्हाला. त्या हिवाळ्यात आई आजारी पडली म्हणून बुरहान अकांना विकला. ते म्हणाले होते, ठेवतो, लागेल तेव्हा ये. मला वाटलं, मरणाऱ्या बाईच्या पोराचं मन राखायला म्हणताहेत. पण आत्ता तुझ्याच तोंडून कळलं की सगळं नावानिशी जपून ठेवलंय. तेव्हा म्हटलं विचारावं. जी किंमत असेल ती घे."

इकरोमचा ऊर भरून आला. चाळीस माणसं सुऱ्या थांबवून त्याच्याकडे बघत होती, आणि बापासारखं वागायची संधी अशी समोरून चालत आली होती. एका पुरचुंडीनं वलीजोनचं काय बिघडणार होतं?

"किंमत कसली, नुसरत अका," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमचा तंगा तुमच्याच घरचा. आजच घेऊन जा. फरोगत, पेटीतून नुसरत अकांची पुरचुंडी आण बघू."

फरोगतच्या हातातली किटली फळीवर आदळली. चहा गाजरांवर सांडला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. हमदम नानवाई घसा साफ करून म्हणाला, बायको कधीची मागं लागलीय, आजीचा एक तरी परत मिळाला तर. सत्तोर मास्तर म्हणाले, मी मागत नाही, पण आत्याचा आहे का, एवढं बघायला काय हरकत आहे. पलीकडून आणखी दोघांनी हात वर केला. इकरोम हसत हो हो म्हणत होता, आणि मनात पुरचुंड्या मोजत होता. उद्या वलीजोनपुढं निम्मी पेटी ठेवायची की काय?

"मी आत्ता आलोच," तो म्हणाला आणि बहिणीच्या मागोमाग आत गेला.

*

होसियत आतल्या खोलीत गादीवर बसून तसबीह ओढत होती. नवरा गेल्यापासून तिचा आवाज निम्मा झाला होता, नजर मात्र होती तशीच. पोरगी आली आणि पेटीपुढं मटकन बसली. मागून मवजुदा आली, तिच्यामागून इकरोम, आणि त्यानं दार लोटून घेतलं. होसियतनं मणी थांबवले.

"कोण भांडतंय?" तिनं विचारलं.

"अजून कोणी नाही," फरोगत म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं. खाली मान घालून, एका दमात, साल आणि नाव, कागद आणि कापड, सगळं. शेवटी म्हणाली, "बाबांनी सांगू नकोस म्हटलं होतं. आई, मला माफ कर."

मग इकरोम हसला.

"तुला पेटी ठेवून घ्यायचीय," तो म्हणाला. "सरळ सांग ना. अकरा वर्षं बसलीस, तुझा हक्क वाटतो तुला. त्यासाठी मेलेल्या माणसाला कशाला मध्ये आणतेस?"

"अका, दगडावर टाकून बघ," ती थोरल्या भावाला म्हणाली.

मवजुदा म्हणाली, "अपा, हे तुम्ही चाळीस दिवसांत कधीही सांगू शकला असता."

"तुम्ही विकताय हे मला आज कळलं."

इकरोमनं पेटीत हात घालून नुसरतची पुरचुंडी काढली. गाठ दातानं सोडली. तंगा उंबऱ्याच्या दगडावर टाकला. चांदी पडली की नाद घुमतो. हा तंगा टप्प करून पडला आणि पडल्या जागी राहिला. त्यानं वरच्या ट्रेमधली एक कागदी पुडी फोडली आणि तो टाकला. तो खणखणत भिंतीपर्यंत गेला. मग त्यानं खालून दुसरी पुरचुंडी सोडली, तिसरी सोडली, चौथी. टप्प. टप्प. टप्प. पाचवीच्या गाठीला त्यानं दात लावला तेव्हा फरोगतनं त्याचं मनगट धरलं.

होसियत मात्र त्या आवाजांकडे बघतच नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं तिचा एकुलता एक हिवाळी कोट होता, तीनदा उसवून उलटून शिवलेला. धंदा मंद आहे, नवरा दर वर्षी म्हणायचा. तिनं कधी तोंडातून ब्र काढला नव्हता. उरलेल्या भातात पाणी घालून दिवस काढले, आणि हा तिकडे कथलाला चांदीचा भाव देत बसला होता. गल्लीला कोळसा, हमदमला भट्टी. तिला राग आला. चाळीस दिवस रडून झालेल्या बाईला नवऱ्याचा असा राग येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"लोकांचा लाडका," ती म्हणाली. "साऱ्या बुखाऱ्याचा लाडका. आणि मी कोण होते? मी घरातली भिंत."

"आई, तसं नाही," फरोगत म्हणाली.

"तसंच आहे. तू त्याची बाजू घेऊ नकोस. तुला तरी सांगितलं त्यानं."

इकरोमनं ती फट बरोबर हेरली. तो आईजवळ येऊन बसला. "हेच म्हणतोय मी. बाबांनी लोकांचं पाहिलं, आता आपण आपलं बघू. वलीजोननं गाठ सोडली नाही, ही त्याची चूक. आपण कुठं म्हटलं चांदी आहे? तो म्हणाला, मी घेतो. फातिहा झालाय. नुसरत अकांना खऱ्यातला एक देऊ, बाकीच्यांना उद्या म्हणू, पेटी गेली."

"बरोबर आहे ह्यांचं," मवजुदा म्हणाली. "मेंढ्या कापून झाल्यात, आई. उद्या चारशे माणसं जेवणार आहेत."

"चारशे माणसं खोट्या नाण्यांवर जेवणार आहेत," फरोगत म्हणाली. "बाबांच्या नावानं."

"तू गप्प बस."

होसियत पोराकडे बघत राहिली. त्याचं म्हणणं तिला पटत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. चाळीस वर्षांच्या संसारानंतर का होईना, त्या पेटीतून तिच्या घराला काहीतरी मिळावं असं तिला मनापासून वाटत होतं. हो म्हणायला तिनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात, काहीतरी आवरायचं म्हणून सांडलेल्या पुरचुंड्या गोळा करणारी मवजुदा थबकली.

"आई," ती म्हणाली. "ही तुमच्या नावाची आहे."

चिठ्ठीवर त्याच्या बारीक अक्षरात होसियत लिहिलं होतं. दुसरं काही नाही.

होसियतला गाठ सोडायची गरज नव्हती. कापडावरूनच बोटांना तो कडेचा पोचा कळला. तिच्या आईचा तंगा, तिच्या लग्नाच्या गळसरीतला. इकरोम चार वर्षांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला तेव्हा तिनं तो स्वतः उसवून नवऱ्याच्या हातात दिला होता. संध्याकाळी तो इंजेक्शनं घेऊन आला आणि म्हणाला, तुझ्या आईच्या तंग्यानं पोराला वाचवलं बघ. ही गोष्ट तिनं आयुष्यभर सांगितली होती. सासूला ऐकवली, जावांना ऐकवली, मवजुदाला तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. माझ्या माहेरच्या चांदीनं ह्या घराचा वारस राखला.

त्याच आठवड्यात बुरहानची सायकल चोरीला गेली होती. सात वर्षं तो घुमटापर्यंत चालत गेला. चोर सापडला का असं तिनं कितीदा तरी विचारलं होतं.

तिनं गाठ सोडली. तंगा उंबऱ्यावर टाकला. तोही तसाच पडला. इंजेक्शनं सायकल विकून आली होती तर.

तिनं तो उचलून तळव्यावर ठेवला. मग म्हणाली, "मला तरी सांगायचं." आणि लगेच, स्वतःशीच, "सांगितलं असतं तर माझी आई पडली असती माझ्या नजरेतून." ती आता रडत होती. राग गेला नव्हता, पण तिला काय करायचं ते कळलं होतं.

"हे विकायचं नाही," ती म्हणाली.

"आई..."

"नावं घातलीत त्यानं. नाव घातलेली वस्तू विकायची असती तर त्यानं नाव कशाला घातलं असतं? ज्याची त्याला दे. बाहेर मागताहेतच."

"आणि वलीजोन?"

"फातिहा तू केलास. त्याला काय सांगायचं ते तू बघ. पण ह्यातलं एक अक्षर सांगायचं नाही. कोणालाच नाही."

*

इकरोम मागच्या गल्लीत उभा राहून फोन लागायची वाट बघत होता. काय बोलायचं ते त्यानं चारदा मनात जुळवलं होतं. फोन लागल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही.

वलीजोन अदबशीर माणूस होता. त्यानं आधी आईची तब्येत विचारली, तांदूळ कसा निघाला ते विचारलं. इकरोम म्हणाला, "वलीजोन अका, उद्या या, जेवा. पण पेटी देता येणार नाही."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"कोणी जास्त देतंय?"

"नाही."

"मग?"

मग काय? नाणी खोटी आहेत एवढं म्हटलं असतं तर वलीजोननं त्याचे आभार मानले असते. "घरच्यांचं मन नाही," इकरोम म्हणाला.

"घरच्यांचं मन फातिहाच्या आधी विचारायचं असतं," वलीजोन म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही, पण 'तुम्ही'वरून तो 'तू'वर आला. "मी तुझं तोंड बघून फातिहा नव्हता केला. बुरहान अकांच्या नावावर केला होता. बापाच्या चाळिसाव्याला त्याचं नाव असं घालवलंस. दुकानाचं आता विसर. आणि इथं कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, बुरहानचा पोरगा शब्द मोडतो म्हणून सांगीन."

"मेंढ्या आणि तांदूळ..."

"ते खा. त्या माणसासाठी पाठवले होते, तुझ्यासाठी नाही."

फोन बंद झाला. इकरोम भिंतीला टेकला. ताश्कंद गेलं, दुकान गेलं, आणि उद्यापासून घुमटाखाली लोक त्याच्याबद्दल काय बोलतील ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. बाप चांगला नावाजलेला होता, पोरगं मात्र असं निघालं. कारण कोणाला सांगायची सोय नाही. बापानं हे तीस वर्षं कसं पोटात ठेवलं असेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि लहानपणच्या त्या दोन नाण्यांनंतर पहिल्यांदाच त्याला बाप थोडा कळल्यासारखं वाटलं. बरं मात्र वाटलं नाही. भीतीच वाटली.

तो आत आला. खरे अकरा त्यानं फरोगतच्या ओंजळीत टाकले, काही न बोलता, आणि पेटी खांद्यावर घेऊन बाहेर आला. दारात फरोगतनं त्याची बाही ओढली.

"अका, कोणी उलटून विचारलं तर? चांदी आहे का म्हणून?"

"कोणी विचारणार नाही," तो म्हणाला. त्याची तशी खात्री मुळीच नव्हती.

गाजरं निम्म्याच्या वर चिरून झाली होती. पेटी बघून लोकांनी फळीवर जागा केली. इकरोमनं हात छातीवर ठेवला. "बाबांनी तुमच्या वस्तू सांभाळून ठेवल्या होत्या," तो म्हणाला. "ज्याची त्यानं न्यायची आहे. काही द्यायचं नाही. जे आज इथं नाहीत त्यांना निरोप द्या."

लोकांच्या सुऱ्या थांबल्या. सत्तोर मास्तरांनी तर टोपी काढून पुन्हा घातली. इकरोमनं पहिली पुरचुंडी उचलली, ती त्यानंच दातांनी सोडून पुन्हा बांधलेली. "नुसरत अका."

नुसरतनं हात चांगल्या स्वच्छ पंच्याला पुसले. पुरचुंडी घेतली, गाठ सोडली, तंगा तळव्यावर घेतला. आयुष्यभर लोखंड हाताळलेला माणूस तो. त्यानं तळवा एकदा वर, एकदा खाली केला. मग तो इकरोमच्या इतका जवळ आला की त्याच्या मिशीतला कांद्याचा वास इकरोमला आला.

"लेकराच्या पाण्यात घालायचाय, इकरोमजान," तो हलकेच म्हणाला. "एवढं एकच सांग. चांदी आहे का?"

इकरोमच्या कानात आईचं बोलणं होतं, कोणालाच नाही. समोर चाळीस माणसं होती. हो म्हणणं अगदी सोपं होतं. बापानं हो म्हटलं असतं का? की बापाला कोणी कधी असं विचारलंच नव्हतं? त्याला ठरवता येईना. पण शुक्रवारी एक चाळीस दिवसांचं मूल त्या पाण्यात बसणार होतं, आणि त्याच्यासाठी खोटं त्याच्या तोंडातून निघेना.

"नाही, अका," तो म्हणाला.

नुसरतची मूठ मिटली. नजर पेटीवर गेली, तिथून हमदमवर, मास्तरांवर, सगळ्या रांगेवर फिरून परत आली. त्याला सगळंच कळलं हे इकरोमला दिसलं.

"त्यांना माहीत होतं? त्या दिवशीच?"

"हो."

"माझी आई त्या पैशांवर दोन महिने जगली," नुसरत म्हणाला. "त्याच दोन महिन्यांत आम्ही एकमेकांशी धड बोललो."

इकरोमला पुढं काय होणार कळेना. हा माणूस आता मोठ्यानं रडला, एक शब्द जरी बोलला, तरी सगळं उघडं पडणार होतं. फरोगत दारात किटली छातीशी धरून उभी होती.

नुसरत वळला. त्यानं तंगा दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"हाच," तो म्हणाला. "आमच्या आजीचा. चार पिढ्या ह्याच्या पाण्यानं न्हाल्या, पाचवी शुक्रवारी न्हाईल."

लोकांनी आमीन म्हटलं. त्यानं तंगा कापडात बांधला, खिशात घातला, आपल्या जागी जाऊन बसला आणि सुरी उचलली. हमदमनं त्याला कोपरानं ढोसून विचारलं, बघू की रे, कसा आहे? नुसरत म्हणाला, "तुझा आला की तुझा बघ," आणि गाजर चिरायला लागला.

इकरोमनं पेटीत हात घातला. "हमदम अका," त्यानं वाचलं. हमदम घाईघाईनं उठला.